पीसीओएस, इन्सुलिन रेझिस्टन्स आणि आहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीओएसचं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या हार्मोन्सच्या आजाराचं, निदान झालं की डॉक्टरांकडून हमखास येणारा सल्ला म्हणजे "वजन कमी करा". त्यापाठोपाठ नातेवाईक आणि मोबाईल मिळून काय काय बंद करायचं याची लांबलचक यादी हातात ठेवतात. या दोन्हींच्या मध्ये बरंच काही सांगायचं राहून जातं. इथे भर इन्सुलिनवर आहे, कारण आहार या आजाराला जाऊन भिडतो तो बव्हंशी इन्सुलिनमार्फतच.

तक्रार पाळीची आहे. त्यात इन्सुलिन कुठून आलं?

जेवणानंतर रक्तात आलेलं ग्लुकोज स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत पोचवणं आणि यकृताला जादा ग्लुकोज सोडण्यापासून रोखणं, ही इन्सुलिनची रोजची कामं. काही जणींच्या पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काम भागवतं. साखर वर्षानुवर्षं नॉर्मल येत राहते, रिपोर्ट बघून कुणाला शंकाही येत नाही, पण ती नॉर्मल ठेवण्यासाठी रक्तात इन्सुलिन मात्र कायम चढं असतं.

अडचण अशी की स्नायू दाद देत नसले तरी अंडाशय देतं. अंडाशयातल्या थीका पेशी एलएच या हार्मोनच्या प्रभावाखाली अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन्स, बनवतात. इन्सुलिन वाढलेलं असलं की एलएचला जोर मिळतो आणि टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन्स गरजेपेक्षा जास्त तयार होतात. त्याच वेळी यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवायला लागतं. टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवण्याचं काम याच प्रथिनाचं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, भांगातले विरळ होणारे केस हे सगळं त्यातून येतं. अंडाशयातल्या पुटिका (बीजांड ज्यांत वाढतं त्या बारीक पिशव्या) अर्ध्यावर वाढून थांबतात, बीजांड बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. वाढलेलं अँड्रोजन पोटाभोवती चरबी साठवायला हातभार लावतं, त्या चरबीमुळे इन्सुलिन रेझिस्टन्स आणखी वाढतो, आणि चक्र चालू राहतं.

स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते अंडाशयाचा आजार म्हणून. वाढलेलं इन्सुलिन आणि वाढलेलं अँड्रोजन हातात हात घालून चालतात हे १९८० मध्ये पुढे आलं. त्यामुळे आहाराचा विचार या आजारात तसा उशिराच शिरला.

माझं वजन तर बेताचंच आहे. मलाही इन्सुलिन रेझिस्टन्स असू शकतो का?

असू शकतो. अँड्रिया डुनाइफ यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवून दिलं की पीसीओएसमधला इन्सुलिन रेझिस्टन्स लठ्ठपणावर अवलंबून नसतो. सडपातळ बायकांतही तो सापडतो. वजन जास्त असलं तर त्यात भर पडते, इतकंच.

मात्र पीसीओएस असलेल्या प्रत्येकीला तो असतोच असंही नाही. तुम्ही सडपातळ असाल तर तुमचं उद्दिष्ट वजन उतरवणं असूच नये. कमी खाऊन वजन आणखी घटवलं तर मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेशच मंदावतात आणि पाळी वेगळ्याच कारणाने बंद पडते. सडपातळ मुलीला "थोडं वजन कमी कर" असं डोळे झाकून सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मान काळवंडली आहे, कितीही घासलं तरी जात नाही. याचा काही संबंध आहे?

बहुधा आहे. मानेच्या मागे, काखेत, जांघेत कातडी गडद होते, बोट फिरवलं तर थोडी जाडसर, मखमलीसारखी लागते. याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. रक्तातलं जास्तीचं इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला उद्युक्त करतं, म्हणून हे होतं. शेजारी बारीक लोंबत्या चामखिळीसारखे कणही दिसतात. हा मळ नव्हे. स्क्रबने, लिंबाने किंवा खरखरीत कापडाने घासून कातडी सोलवटते आणि आणखी काळी पडते. इन्सुलिन खाली आलं की हा काळेपणा हळूहळू फिका पडतो. क्रीमने वरवरचा फरक पडतो.

फास्टिंग इन्सुलिन आणि होमा-आयआर करून घेऊ का?

सहसा गरज नाही. समजा, उपाशीपोटी इन्सुलिन १८ आलं आणि ग्लुकोज ९२. इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणाऱ्या होमा-आयआरचं गणित म्हणजे या दोन्हींचा गुणाकार भागिले ४०५, म्हणजे सुमारे ४.१. आकडा मोठा म्हणून धसका घेतला जातो. पण इन्सुलिन झटक्याझटक्याने स्रवतं आणि काही मिनिटांत रक्तातून निम्मं होतं. रात्री झोप झाली नाही, सुईची भीती वाटली किंवा दुसऱ्या लॅबमध्ये दुसऱ्या पद्धतीने मोजलं, तर आकडा बदलतो. शिवाय कितीच्या वर गेलं म्हणजे रेझिस्टन्स, यावर सर्वांचं एकमत असलेली रेषा नाही. पीसीओएसबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये सुधारून आली, त्यांतही इन्सुलिनची रक्तचाचणी नेहमीच्या उपचारांत करू नये असंच म्हटलं आहे.

त्याऐवजी ओजीटीटी, म्हणजे ग्लुकोज पिऊन करायची साखरेची चाचणी, करा. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. दोन तासांचा आकडा १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा त्यावर म्हणजे मधुमेह. नुसती फास्टिंग शुगर केली तर पीसीओएसमधल्या बऱ्याच बायकांचा बिघाड सुटून जातो, कारण तो आधी जेवणानंतरच्या आकड्यात दिसतो. सोबत लिपिड प्रोफाइल आणि रक्तदाब बघून घ्यावा.

सोनोग्राफीत "पॉलिसिस्टिक ओव्हरीज" लिहून आलंय. लगेच पथ्य सुरू करू?

आधी निदान पक्कं करा. नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएस ठरत नाही. अनियमित पाळी, अँड्रोजन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तीनपैकी दोन गोष्टी लागतात, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी इतर कारणं आधी बाजूला काढावी लागतात. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत तर निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये, कारण त्या वयात अंडाशयात भरपूर पुटिका दिसणं स्वाभाविक असतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला एका सोनोग्राफीवरून जन्माचं पथ्य लावणं चूक आहे.

पीसीओएससाठी खास आहार कोणता?

असा कोणताही आहार नाही. कमी कार्ब, जास्त प्रोटीन, कमी ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर कमी चढवणारे पदार्थ), भूमध्य समुद्राकडचा आहार, सगळ्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा निष्कर्ष असा की एकूण खाणं संतुलित असेल तर यातला कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. अल्पकाळात कमी ग्लायसेमिक इंडेक्सच्या आहाराने इन्सुलिनवर थोडा बरा परिणाम दिसतो, पण त्याने वेगळाच चमत्कार होतो असं नाही.

मला हे उत्तर निराशाजनक वाटत नाही. तुमच्या घरात जे शिजतं, तुम्हाला जे आवडतं, त्यातूनच मार्ग काढता येतो असा त्याचा अर्थ. "पीसीओएस डाएट" म्हणून विकत मिळणाऱ्या तक्त्यांवर पैसे घालवण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

मग ताटात नेमकं काय बदलायचं?

उद्देश एकच : एका वेळी रक्तात येणाऱ्या ग्लुकोजची लाट बुटकी ठेवायची, म्हणजे इन्सुलिनही कमी लागेल.

सुरुवात पेयांपासून करा. सॉफ्ट ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, साखर घातलेली कॉफी यांतली साखर सर्वांत वेगाने रक्तात पोचते आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही. बाकी काहीही न बदलता एवढंच केलं तरी बऱ्याच जणींच्या दिवसभरातल्या साखरेत मोठी घट होते.

मग ताट. साधारण निम्म्या ताटात भाज्या (बटाटा यात धरायचा नाही), पाव ताटात प्रोटीन आणि उरलेल्या पावात धान्य. प्रोटीन म्हणजे डाळी, कडधान्यं, सोया, अंडी, मासे, चिकन, दही, जे चालत असेल ते. बहुतेक ताटांत कमतरता नेमकी याच पावाची असते, आणि सकाळच्या खाण्यात तर प्रोटीन औषधालाही नसतं. सकाळी नुसता पाव किंवा गोड सीरिअल खाल्लं की अकरापर्यंत पुन्हा भूक लागते. त्यात अंडी किंवा दही-सुकामेवा आला की ती भूक दुपारपर्यंत लांबते.

खाण्याचा क्रमही बदलून बघा. भाज्या आणि प्रोटीन आधी, पिष्टमय पदार्थ शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, पण या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी चढतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. यात फुकट मिळणारा फायदा आहे, म्हणून मला तो विशेष आवडतो.

फायबर दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्या, पण आठवड्याभरात नको; पोट फुगतं आणि दोष आहाराला दिला जातो. हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा.

पाकिटावर पुढच्या बाजूला काय छापलंय ते वाचू नका, मागचं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. "साखर नाही" म्हणणाऱ्या पाकिटात पहिल्या तीन-चार नावांत माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप किंवा फळांचा घट्ट रस सापडला, तर रक्ताच्या दृष्टीने ती साखरच आहे. मध आणि गूळही त्याच रांगेत.

भात पूर्ण बंद करू का?

नको. प्रमाण आणि सोबत बघा. ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. ५५ पर्यंत कमी, ७० आणि वर जास्त, असं धरतात. पण हा आकडा तो पदार्थ एकटा खाल्ला तर किती लाट येते ते सांगतो. नुसता भात कुणी खात नाही. डाळ, भाजी, तेल-तूप सोबत आलं की पोट सावकाश रिकामं होतं आणि लाट बुटकी होते. शिवाय भातातही फरक असतो. अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जास्त असलेले, मोकळे शिजणारे तांदूळ चिकट तांदळापेक्षा सावकाश पचतात. शिजवून फ्रीजमध्ये थंड केलेल्या भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. दोन वाट्यांची एक वाटी केली तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

फळं चालतील?

चालतील, अख्खी. ज्यूस काढला की फायबर गाळण्यात जातं आणि तीन फळांची साखर एका ग्लासात येते.

दूध आणि ग्लूटेन सोडलं तर पीसीओएस बरा होतो म्हणतात.

सीलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणं) नसेल तर ग्लूटेन सोडून पीसीओएसमध्ये फायदा होतो याला धड पुरावा नाही. सोडल्यावर बरं वाटलं असं सांगणाऱ्या बऱ्याच जणींनी त्यासोबत बिस्किटं, केक, पिझ्झाही सोडलेले असतात. दुधाचं थोडं वेगळं आहे : काही पाहणींत दूध, विशेषतः साय काढलेलं, आणि मुरुमं यांचा संबंध दिसतो. मुरुमांचा फार त्रास असेल तर दोन-तीन महिने दूध कमी करून बघायला हरकत नाही. फरक पडला नाही तर परत सुरू करा. उगाच कॅल्शियम कशाला गमवायचं?

किटो किंवा सोळा तासांचा उपवास करू का?

दोन्हींनी वजन आणि इन्सुलिन खाली येऊ शकतं. प्रश्न सहाव्या महिन्यानंतरचा असतो. कार्ब जवळजवळ शून्यावर आणलेली बाई एका लग्नसराईत सगळं परत सुरू करते, आणि वजन व्याजासकट परत येतं. जेवणाच्या वेळा आवरत्या ठेवणं, रात्रीचं जेवण लवकर उरकणं हे मात्र बऱ्याच जणींना जमतं आणि मानवतं. गर्भवती असाल, स्तनपान करत असाल, साखर उतरवणारी औषधं चालू असतील किंवा खाण्याशी नातं आधीच बिघडलेलं असेल, तर मनाने लांबलचक उपवास करू नका.

गोडाची तल्लफ आवरत नाही. माझीच इच्छाशक्ती कमी आहे का?

आधी दोन गोष्टी तपासा : दिवसा पुरेसं खाता का, आणि रात्री पुरेसं झोपता का. दिवसभर सॅलडवर काढलं की रात्री नऊ वाजता डबा उघडला जाणारच. अपुऱ्या झोपेने इन्सुलिन रेझिस्टन्स वाढतो आणि भूकही वाढते. पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, जास्त आढळतो. मोठ्याने घोरणं, सकाळी उठल्यावरही थकवा, दिवसा डुलक्या असं असेल तर त्याची तपासणी करून घ्या. त्यावर आहाराची मात्रा चालायची नाही.

पीसीओएस असलेल्या बायकांत खाण्याचे विकार, नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाणही जास्त असतं. पोट फुटेपर्यंत खाणं, मग अपराधी वाटून दिवस दिवस उपाशी राहणं हे वारंवार होत असेल तर आहारतज्ज्ञाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. अशा वेळी आणखी एक पथ्य हातात देणं म्हणजे आगीत तेल.

वजन किती कमी व्हायला हवं?

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींत फरक दिसायला लागतो. ८० किलोच्या बाईसाठी हे ४ ते ८ किलो. लग्नाच्या फोटोतलं वजन गाठायची गरज नाही. आणि काटा हलला नाही तरी कंबर कमी होणं, दोन पाळ्यांमधलं अंतर घटणं हेही इन्सुलिन उतरत असल्याचं लक्षण असू शकतं.

व्यायाम केला नाही, नुसतं खाणं सांभाळलं तर?

चालेल, पण हातातली सोपी गोष्ट सोडताय. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ग्लुकोज आत ओढतो. ज्यांचा इन्सुलिनचा रस्ताच तुंबलाय त्यांच्यासाठी हा दुसरा दरवाजा आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेची लाट कमी होते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि दोन दिवस वजनं उचलणं किंवा शरीराच्या भाराचे व्यायाम, एवढं धरून चाला. वजनांनी शरीर पुरुषी होईल ही भीती सोडा. स्नायू वाढला की ग्लुकोजला जायला जागा वाढते.

मेटफॉर्मिन चालू आहे. मग पथ्य कशाला?

मेटफॉर्मिन ही मधुमेहातही दिली जाणारी गोळी मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारं ग्लुकोज कमी करते. जेवणातून येणाऱ्या साखरेवर तिचा तितका ताबा नसतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत, आहार आणि व्यायामाने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. तो अभ्यास पीसीओएसचा नव्हता, पण इन्सुलिन रेझिस्टन्सचं दुखणं तेच.

गोळीने मळमळ, जुलाब होत असतील तर ती जेवणासोबत घ्या आणि डोस सावकाश वाढवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. परस्पर बंद करू नका. दीर्घकाळ घेत असाल तर बी-१२ तपासत राहा, शाकाहारी असाल तर नक्कीच.

इनोसिटॉल, दालचिनी, पुदिन्याचा चहा यांचं काय?

इनोसिटॉल हे पूरक (सप्लिमेंट) घ्यायला फारसा धोका नाही आणि काही जणींत चयापचयावर थोडा परिणाम दिसतो, पण पाळी, केस किंवा गर्भधारणा यांबाबतचा पुरावा तोकडा आहे. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याच्या चहाने लहान चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन थोडं उतरलं, हनुवटीवरचे केस मात्र मोजणीत होते तेवढेच राहिले. चहा आवडत असेल तर प्या. दालचिनी चवीपुरती ठीक. कॅप्सूल भरभरून घेऊ नका, काही जातींतलं कुमरिन यकृताला त्रास देतं.

फरक दिसायला किती दिवस लागतील?

जेवणानंतरची सुस्ती आणि सततची भूक काही आठवड्यांत कमी होते. पाळीला साधारण तीन ते सहा महिने द्या. मुरुमांना तीनेक महिने. नको तिथले केस सर्वांत हट्टी : एकदा जाड झालेला केस आहाराने परत लव होत नाही, त्यामुळे लेझर किंवा इतर उपाय करण्यात कमीपणा मानू नका.

मूल हवं आहे. आधी आहार सुधारू की उपचार घेऊ?

दोन्ही सोबत चालू शकतात. वय पस्तिशीकडे झुकलं असेल तर वजन उतरण्याची वाट बघत वर्ष घालवू नका. अंडोत्सर्गासाठी लेट्रोझोलसारखी प्रभावी औषधं आहेत. सेमाग्लुटाइडच्या जातीची वजनाची इंजेक्शनं घेत असाल तर गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी ती कधी थांबवायची हे डॉक्टरांशी ठरवा. पीसीओएसमध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त असतो, म्हणून दिवस राहण्याआधी किंवा राहिल्याबरोबर ओजीटीटी करून घ्यावी.

पाळी नियमित झाली. आता सोडून दिलं तर चालेल?

इन्सुलिन रेझिस्टन्सचा कल आयुष्यभर राहतो, पाळी थांबल्यानंतरही. वयानुसार अंडाशयातलं अँड्रोजन उतरतं आणि चाळिशीकडे पाळी आपोआपही सुधारते, त्यामुळे पाळी नियमित झाली म्हणजे इन्सुलिनही सुधारलं असं धरू नका. साखरेची तपासणी धोक्यानुसार दर एक ते तीन वर्षांनी चालू ठेवा. आणि पुन्हा कधी ९० दिवसांपेक्षा जास्त पाळी आली नाही तर "आहार चालू आहे, येईल" म्हणत थांबू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहिलं तर पुढे त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ते अस्तर वेळच्या वेळी उतरवण्यासाठी गोळी लागते आणि ती डॉक्टरांकडूनच घ्यावी लागते.